चाच्याला पकडल्यानंतर

२३ मार्च २०२४ रोजी नौदलाची 'आयएनएस कोलकाता' ही विनाशिका ३५ सोमाली चाच्यांना घेऊन मुंबईत आली. माल्टाचा ध्वज असलेले 'रुएन' हे मालवाहू जहाज या टोळीने आदल्या डिसेंबरात पळवले होते आणि आता त्याच जहाजाचा तळ करून ते दुसरी जहाजे हेरत होते. नौदलाने त्यांना भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर गाठले, चाळीस तास वेढून धरले, सी-१७ विमानातून मरीन कमांडो समुद्रात उतरवले आणि एकूण एक चाच्याला शरण आणले. जहाजावरचे १७ खलाशी सुखरूप सुटले.

त्या बातमीवरून आमच्या भिंगारमध्ये जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. वाद मामा-भाचीचा. मामा मूळचे पारनेर तालुक्यातले, उभी हयात व्यापारी जहाजांवर गेली, बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, म्हणून निवृत्त झाले. भाची अहिल्यानगरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. मी शेजारी, त्यामुळे दोघांच्याही बाजू ऐकणे माझ्या वाट्याला आले. मला त्या दोन्ही बाजू महत्त्वाच्या वाटतात. समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या जिल्ह्यातली कितीतरी पोरे आज जहाजांवर आहेत, आणि त्यांच्या घरी या प्रश्नाचा विचार सहसा कुणी करत नाही.

"पस्तीस जणांना जिवंत आणून मिळवलं काय?" मामांनी सुरुवातच अशी केली. "आता त्यांना वकील द्या, दुभाषा द्या, वर्षानुवर्षं पोसा. तिथंच बुडवायचं होतं."

"आणि ते सतरा खलाशी? तेही त्याच जहाजावर होते, मामा."

"मला खलाशांचं सांगू नको. मी त्या पाण्यातून गेलेलो आहे. एडनच्या आखातात शिरायच्या आधी आम्ही कठड्याला काटेरी तारांची भेंडोळी बांधायचो. हातमोजे घातले तरी हात फाटायचे. आगीचे होज बाहेरच्या अंगाला सोडून रात्रंदिवस पाणी चालू. जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबून बाहुले उभे करायचो, लांबून वाटावं की पहाऱ्यावर माणूस आहे. त्यांची बोट केवढी, तर एवढीशी. स्किफ म्हणतात तिला. मागं आउटबोर्ड इंजिन, आत पाच-सहा पोरं, बंदुका आणि टोकाला आकडा लावलेली शिडी. माल भरून जहाज खाली बसलेलं असलं आणि वेग दहा-बारा नॉटचा असला, की देवाचं नाव घ्यायचं. अठराच्या वर पळणाऱ्या जहाजावर त्यांना चढता येत नाही, पण तेवढा वेग आमच्या जहाजाला होता कुठं? शिडी अडकली की एकच उपाय राहतो. सगळ्यांनी सिटाडेलमध्ये, म्हणजे आतल्या मजबूत खोलीत, शिरायचं, आतून दार बंद करायचं आणि नौदलाची वाट बघायची."

भाचीने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले. कोर्टात साक्षीदाराला मध्येच तोडत नाहीत, ती सवय तिला आहे. मग म्हणाली, "बुडवून बघितलंय आपण. नोव्हेंबर २००८ मध्ये 'आयएनएस तबर'नं एडनच्या आखातात चाच्यांची मदर शिप, म्हणजे तळाचं जहाज, बुडवली. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. नंतर कळलं, की ते थायलंडचं मासेमारी जहाज होतं, चाच्यांनी नुकतंच पळवलेलं, आणि त्याचे खलाशी आतच होते. डझनाहून जास्त माणसं पुन्हा सापडली नाहीत. नौदलावर गोळीबार झाला होता, त्यांनी उलट मारा केला, त्यांना दोष देता येत नाही. पण 'तिथंच बुडवा' म्हणताना ती माणसं डोळ्यांसमोर आणा. आणि केरळच्या किनाऱ्याजवळ मेलेले ते दोन कोळी? फेब्रुवारी २०१२. 'एन्रिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी त्यांना चाचे समजून गोळ्या घातल्या."

मामा गप्प झाले. कोळ्यांच्या विषयावर ते नेहमीच गप्प होतात, कारण रात्रीच्या अंधारात मासेमारीची होडी कुठली आणि चाच्यांची कुठली, हे ओळखणे किती अवघड असते ते त्यांना पक्के माहीत आहे.

चाचा कोणाला म्हणायचे हा प्रश्न आमच्या नगरलाही परका नाही. चौल हे नगरच्या निजामशाहीचे बंदर. त्या काळी अरबी समुद्रात व्यापार करायचा तर पोर्तुगिजांचा परवाना, कार्ताझ, घ्यावा लागे. तो नसला की जहाज जप्त. तेच काम परवान्याशिवाय दुसऱ्या कुणी केले, की ती चाचेगिरी. पुढे कान्होजी आंग्र्यांनी मराठ्यांच्या पाण्यात आपले दस्तक मागितले, तर इंग्रजांनी सरखेलांनाच चाचा ठरवले.

सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रजाने मक्केहून सुरतेला परतणारे बादशाही 'गंज-ए-सवाई' जहाज लुटले, यात्रेकरूंवर अनन्वित अत्याचार केले. औरंगजेब तेव्हा दख्खनेत मोहिमेवर होता. त्याने सुरतेच्या इंग्रजांना कैद केले, कंपनीचा व्यापार बंद पाडला, आणि लंडनच्या सरकारला एव्हरीच्या डोक्यावर इनाम लावावे लागले. तोच बादशहा १७०७ मध्ये आमच्या याच भिंगारला मरण पावला. एव्हरी कधीच सापडला नाही. त्याचे काही साथीदार सापडले, १६९६ मध्ये त्यांच्यावर लंडनला खटला चालला आणि ज्युरीने त्यांना चक्क निर्दोष सोडले. सरकारला दुसरा आरोप ठेवून पुन्हा खटला चालवावा लागला, तेव्हा पाच जण फासावर गेले.

"म्हणजे तेव्हाही पकडणं सोपं आणि सिद्ध करणं अवघड," भाची म्हणाली. "आपल्याकडेही तेच झालं. 'अलोंड्रा रेनबो' आठवतं?"

मामांना ते आठवणारच. ऑक्टोबर १९९९ मध्ये ॲल्युमिनियमच्या लाद्या घेऊन इंडोनेशियाहून जपानला निघालेले हे जहाज चाच्यांनी ताब्यात घेतले. १७ खलाशांना लाइफ राफ्टमध्ये बसवून भर समुद्रात सोडून दिले. थायलंडच्या कोळ्यांनी त्यांना वाचवले. चाच्यांनी जहाजावर नवे नाव रंगवले, 'मेगा रामा', आणि बेलिझचा झेंडा लावला. आपल्या तटरक्षक दलाच्या 'ताराबाई' या जहाजाने पश्चिम किनाऱ्याजवळ त्याचा माग काढला, पाठलाग केला, पाठोपाठ नौदलाची 'प्रहार' आली. चाच्यांनी जहाज पेटवून बुडवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. १५ इंडोनेशियन पकडून मुंबईला आणले. फेब्रुवारी २००३ मध्ये सत्र न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिली आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडून दिले.

"महाराणी ताराबाईंच्या नावाच्या जहाजानं पकडलेले चोर सुटले," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजातली चीड खरी होती.

"कारण समुद्री चाचेगिरी नावाचा गुन्हाच आपल्या दंडसंहितेत नव्हता," भाची म्हणाली. "दरोडा, खुनाचा प्रयत्न, अशी जमिनीवरच्या गुन्ह्यांची कलमं समुद्राला लावायची. आंतरराष्ट्रीय सागरी कायदा आपण १९९५ मध्ये मान्य केला. त्यातलं कलम १०५ सांगतं, की ज्या देशानं चाचा पकडला त्याच्या न्यायालयाला खटला चालवता येतो. पण त्या न्यायालयाच्या हातात देशाचा स्वतःचा कायदा हवा ना? २०११ मध्ये तर नौदलानं दोन-तीन महिन्यांत 'प्रांतालय' आणि 'वेगा ५' या जहाजांवरून शंभराहून जास्त सोमाली पकडून आणले, एकट्या 'वेगा ५'वर ६१. मुंबईत खटले उभे राहिले, तेव्हाही कायदा नव्हता. शिक्षा झाली २०१७ मध्ये, सात वर्षांची. तोवर सहा वर्षांवर तुरुंगात गेलेली होती."

"परदेशी नौदलं काय करायची माहिती आहे का?" मामा म्हणाले. "पकडायचे, बंदुका समुद्रात टाकायच्या, आणि पाणी, डिझेल देऊन घरी पाठवायचे. खटला नको, कटकट नको. तीच पोरं पुढच्या महिन्यात दुसऱ्या जहाजावर. आम्ही रेडिओवर ऐकायचो तेव्हा तळपायाची आग मस्तकात जायची."

"म्हणून तर आपण त्यांना मुंबईला आणलं ते बरोबर केलं."

"बरोबर केलं?" मामा ताठ झाले. "त्याची किंमत कुणी मोजली?"

इथून पुढे जे झाले ते मला या सगळ्या वादातले सर्वात महत्त्वाचे वाटते. सप्टेंबर २०१० मध्ये 'अस्फाल्ट व्हेंचर' हे जहाज सोमाली चाच्यांनी पळवले. सगळे १५ खलाशी भारतीय. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटले, पण चाच्यांनी आठ जणांनाच जाऊ दिले. सात जणांना किनाऱ्यावर उतरवून ठेवून घेतले. मागणी अशी, की मुंबईच्या तुरुंगातले आमचे लोक सोडा. भारत सरकारने ते मान्य केले नाही. ते सात जण घरी यायला ऑक्टोबर २०१४ उजाडला.

"साडेतीन वर्षं!" मामा म्हणाले. "पैसे दिले, तरी साडेतीन वर्षं. त्यांचा गुन्हा एवढाच की ते भारतीय होते. त्यांच्या बायकापोरांनी काय करायचं होतं? शंभर सोमाली परत धाडले असते तर आकाश कोसळलं असतं?"

घटकाभरापूर्वी चाच्यांना समुद्रातच बुडवायला निघालेले मामा आता त्यांना सोडून द्यायला तयार होते. आणि चाच्यांना वकील मिळाला पाहिजे म्हणणारी भाची ठाम होती, की एकालाही सोडायचे नव्हते.

"सोडले असते तर त्या दिवसापासून समुद्रावरचा प्रत्येक भारतीय खलाशी हे चलनी नाणं झालं असतं," ती म्हणाली. "जहाज कुणाचं का असेना, आधी भारतीय निवडून बाजूला काढले असते. कंदाहारला काय झालं ते तुम्हीच सांगता ना नेहमी?"

सांगतात खरे. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेले आयसी-८१४ पळवले गेले, अमृतसरला ते धावपट्टीवर उभे असताना आपल्याला ते रोखता आले नाही, आठव्या दिवशी तीन दहशतवादी सोडून प्रवासी परत आणावे लागले. सोडलेल्यांत मसूद अझहर होता. मामांच्या मते त्या आठवड्यात देशाची मान खाली गेली. भाचीच्या मते दीडशेहून अधिक प्रवासी विमानात असताना सरकारकडे दुसरा मार्ग उरला नव्हता, आणि जो मार्ग होता तो अमृतसरलाच हातचा गेला होता. म्हणजे विमानाच्या बाबतीत मामा 'देऊ नका' म्हणतात आणि भाची समजून घेते, जहाजाच्या बाबतीत नेमके उलट.

मी मामांना विचारलेच, की असे का. ते म्हणाले, "विमानातल्यांसाठी सगळा देश जागा होता. टीव्हीवर दिवसरात्र तेच. पंतप्रधानांच्या घरासमोर नातेवाईक. आमच्या सात जणांसाठी कोण होतं?"

या प्रश्नाला भाचीकडे उत्तर नव्हते, माझ्याकडेही नाही.

विमान अपहरणाच्या कायद्यावर मात्र दोघे बराच वेळ बोलले. डिसेंबर १९७८ मध्ये दोन तरुणांनी खेळण्यातले पिस्तूल दाखवून इंडियन एअरलाइन्सचे विमान वाराणसीला नेले. इंदिरा गांधींची सुटका करा, ही मागणी. पुढे ते दोघेही उत्तर प्रदेशात आमदार झाले. देशात अपहरणविरोधी कायदा आला १९८२ मध्ये. २०१६ मध्ये तो मोडीत काढून नवा केला, त्यात कुणाचा जीव गेला तर फाशीची तरतूद आली.

"बघ, विमानाला फाशी ठेवली ना?" मामा म्हणाले.

"ठेवली. आणि त्या कायद्याखालचा गाजलेला खटला कोणता? ऑक्टोबर २०१७, मुंबई–दिल्ली विमान. स्वच्छतागृहात धमकीची चिठ्ठी सापडली, विमान अहमदाबादला उतरवलं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला जन्मठेप आणि पाच कोटींचा दंड झाला. २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं. पुरावा पुरेसा नाही म्हणून. शिक्षा कितीही कडक लिहा, मामा, पुरावा त्यामुळं तयार होत नाही. उलट कंदाहारचं विमान ज्यांनी पळवलं ते पाच जण आपल्या एकाही न्यायालयासमोर कधी उभे राहिले नाहीत. शिक्षा झाली ती त्यांना मदत करणाऱ्याला."

फाशीचा मुद्दा तिने आणखी पुढे नेला, आणि तो मला पटला. सागरी सुरक्षेसाठी २००२ मध्ये केलेल्या कायद्यात मृत्यू घडवून आणणाऱ्याला फाशीच, असे लिहिले आहे. 'एन्रिका लेक्सी' प्रकरणात तपास यंत्रणेने हेच कलम लावायचे ठरवले आणि इटलीने आकाशपाताळ एक केले. अखेर २०१४ मध्ये सरकारला तो कायदा बाजूला ठेवावा लागला. प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले, २०२० मध्ये निवाडा आला की खटला इटलीतच चालावा, आणि २०२१ मध्ये दहा कोटींची भरपाई घेऊन आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केले. ते दोन कोळी कसे मेले याची साक्षीपुराव्यानिशी सुनावणी भारतात झालीच नाही. कठोरातले कठोर कलम हाताशी असून ही गत झाली.

आता आपल्याकडे सागरी चाचेगिरीविरोधी कायदा आहे. २०१९ मध्ये विधेयक आले, डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने मंजूर केले, २०२३ पासून तो लागू झाला. चाचेगिरीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. त्यात कुणाचा मृत्यू झाला तर फाशी किंवा जन्मठेप, म्हणजे निवड न्यायाधीशाच्या हाती ठेवली आहे. खटल्यांसाठी सत्र न्यायालये नेमण्याची तरतूद आहे. 'रुएन'वरच्या ३५ जणांवर याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मार्च २०२४ च्या अखेरीस 'अल-कंबार' या इराणी मासेमारी जहाजावरून पकडलेले नऊ जणही मुंबईला आणले गेले. त्या जहाजावर सुटका झालेले २३ खलाशी पाकिस्तानी होते, हे मामांनी आवर्जून सांगितले. "समुद्रावर माणूस बुडत असला की पासपोर्ट बघत नाहीत," ते म्हणाले.

भाचीला या कायद्यातही एक गोष्ट खटकते. शस्त्रे सापडली, बळ वापरल्याचा पुरावा दिसला, की आरोपीनेच आपण निर्दोष असल्याचे दाखवायचे. "स्किफमधला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, ज्याला टोळीनं बंदूक दाखवून आणलं असेल, तो मुंबईच्या कोर्टात, दुभाष्याच्या तोंडून, हे कसं सिद्ध करणार? १९९१ नंतर सोमालियात सरकार म्हणून काही उरलं नाही. परदेशी ट्रॉलर त्यांच्या पाण्यातले मासे ओरबाडून नेत होते. त्यातून काही कोळी बंदुकीकडे वळले. खंडणीचा मलिदा मात्र किनाऱ्यावरच्या म्होरक्यांनी खाल्ला, आणि ते आपल्या हाती येत नाहीत."

"भूक सगळ्यांनाच असते," मामा म्हणाले. "बहात्तरच्या दुष्काळात पारनेरची माणसं खडी फोडायला गेली. दरोडे घालायला नाही गेली. जहाजावर जो खलाशी असतो तो काय श्रीमंताचा पोरगा असतो? तोही शेत पिकत नाही म्हणूनच गेलेला."

हे ऐकल्यावर भाचीने वाद घातला नाही, आणि तिने घालूही नये असे मला वाटते. चाच्याची गरिबी न्यायाधीशाने शिक्षा ठरवताना जरूर पाहावी, पण ओलीस धरलेल्या माणसाला ती ऐकवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

फाशीच्या बाबतीत माझे मत भाचीकडे झुकते. 'रुएन'वर चाळीस तास धीर धरला म्हणून १७ जीव वाचले. आणि जिवंत पकडले म्हणून आता न्यायालयात सिद्ध करता येईल की त्यांना कोणी पाठवले, पैसा कुठून आला. पण त्यासाठी खटला सहा-सात वर्षे रखडून चालणार नाही. खलाशी हाच मुख्य साक्षीदार, आणि तो एका ठिकाणी थांबत नाही. आज मुंबईत, पुढच्या महिन्यात ब्राझीलच्या बंदरात. त्याची साक्ष पहिल्या काही आठवड्यांतच नोंदवून घ्यायला हवी, नाहीतर तो सापडेपर्यंत आरोपी सुटलेला असतो.

मामांची बाजू मात्र या चाचेगिरीविरोधी कायद्यात नाही. ओलीस पडलेल्या खलाशाचा पगार चालू राहील का, घरच्यांशी कोण बोलेल, मालकाने हात वर केले तर कुणाच्या दारात जायचे? २०१० मध्ये पळवलेल्या 'आइसबर्ग १'च्या मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडले आणि भारतीयांसह ते बहुतेक सगळे हजारेक दिवस ओलीस राहिले. सात खलाशांच्या बदल्यात चाचे न सोडण्याचा सरकारचा निर्णय मला योग्य वाटतो, पण असा निर्णय घेणाऱ्या सरकारने त्या सात घरांची चूल पेटती ठेवण्याची जबाबदारीही कायद्याने अंगावर घ्यायला हवी.

म्हणून जिल्ह्यातल्या ज्या घरांतून पोरगा जहाजावर निघाला आहे त्यांना एवढेच सांगणे आहे. एजंटाच्या हाती पैसे ठेवण्याआधी त्याच्याकडे नौवहन महासंचालनालयाचा भरती परवाना, म्हणजे आरपीएसएल, आहे का ते महासंचालनालयाच्या यादीत स्वतः पाहा. जहाजाचे नाव, ध्वज, मालक आणि विमा कोणाचा हे करारावर लिहून घ्या, आणि त्या कराराची एक प्रत घरात ठेवा. पोरगा संकटात सापडला तर सरकारदरबारी तुमच्या हातात तेवढाच कागद असतो.